‘गेम ऑफ थ्रोन्स’ : दोन मुक्त गुलामांची प्रेमकथा

एका अभ्यासवर्गात बोलता बोलता माझ्याकडून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा उल्लेख झाला. वर्ग संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मला बाजूला घेतले आणि चांगलेच फटकारले. “सर, राजे-राण्या, सिंहासने, आग ओकणारे ड्रॅगन ही सगळी सरंजामी करमणूक. तुम्ही आम्हाला वास्तवाशी बांधिलकी शिकवता आणि स्वतः रात्र रात्र जागून हे पाहता?” मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. नंतर मात्र तो प्रश्न माझा पिच्छा सोडीना. हा लेख म्हणजे त्या मित्राला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मी या मालिकेचा चाहता आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. १७ एप्रिल २०११ रोजी ती एचबीओवर सुरू झाली आणि १९ मे २०१९ रोजी संपली. एकंदर आठ पर्वे, त्र्याहत्तर भाग. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवरून डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी ती उभी केली. तीत राजघराण्यांची भांडणे आहेत, कपट आहे, अतोनात रक्तपात आहे, आणि उघड्या स्त्रीदेहाचे सवंग प्रदर्शनही आहे. माझ्या मित्राचा राग अगदीच अनाठायी नव्हता. प्रेमकथाही तीत पुष्कळ आहेत आणि चाहत्यांच्या तोंडी नेहमी जॉन स्नो आणि इग्रिट यांचे नाव असते, नाहीतर जेमी लॅनिस्टर आणि ब्रिएन यांचे. मला मात्र जी कथा पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते ती सिंहासनाच्या मागे, भिंतीलगत उभ्या असलेल्या दोन माणसांची आहे. त्याचे नाव ग्रे वर्म, तिचे मिसांदेई. दोघेही गुलाम म्हणून वाढलेले, दोघेही मुक्त झालेले. जेकब अँडरसन आणि नॅथली इमॅन्युएल या ब्रिटिश कलावंतांनी या भूमिका केल्या आहेत.

दुसऱ्यांच्या गुलामीची गोष्ट आपली म्हणून वाचण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केली. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते अशा माणसांच्या साखळ्या त्यांना ओळखीच्या वाटल्या. तेव्हा कल्पित देशातल्या कल्पित गुलामांकडे आपण ओळखीच्या नजरेने पाहिले तर त्यात काही वावगे नाही.

मालिकेच्या तिसऱ्या पर्वात, म्हणजे २०१३ साली, पदच्युत राजघराण्यातली डनेरिस टारगेरियन ही तरुणी सैन्य विकत घेण्यासाठी अस्टापोर नावाच्या शहरात येते. तेथे ‘अनसलिड’, म्हणजे निष्कलंक, या नावाचे गुलाम सैनिक विकायला ठेवलेले आहेत. लहान मुले पळवून आणायची, त्यांना खच्ची करायचे आणि भाला-ढाल देऊन त्यांच्यातून आज्ञाधारक यंत्रे तयार करायची, हा त्या शहराचा धंदा. शिक्षण पुरे झाल्याची खूण म्हणून प्रत्येकाने बाजारात जाऊन एक नवजात मूल त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत मारायचे आणि त्याची भरपाई म्हणून एक चांदीचे नाणे द्यायचे. नाणे आईला मिळत नाही, आईच्या मालकाला मिळते! ज्याने कोणी हा तपशील लिहिला त्याला गुलामीचे अर्थशास्त्र बरोबर कळले आहे.

मिसांदेई आपल्याला प्रथम दिसते ती या सौद्यात दुभाषी म्हणून. तिचा मालक क्राझनिस आपल्या बोलीत डनेरिसला घाणेरड्या शिव्या देतो आहे आणि मिसांदेई त्या शिव्यांचे सभ्य भाषेत रूपांतर करून सांगते आहे. मालकाचा संताप, त्याचा उर्मटपणा, त्याची लाळ, सारे तिच्या तोंडून गाळून, स्वच्छ होऊन पलीकडे पोहोचते. ज्यांच्या आयांनी-आज्यांनी वाड्यांच्या मागील दारी उभे राहून ‘जी मालक’ म्हणत एक बोलले आणि पोटात दुसरे ठेवले, त्यांना ही दोन जिभांची कसरत समजावून सांगावी लागत नाही. पुढे कळते की डनेरिसला ती भाषा पहिल्यापासून येत होती. प्रत्येक शिवी तिला समजत होती. मिसांदेईची सारी मेहनत फुकट! तिला एकोणीस भाषा येतात. आणि या एकोणीस भाषांपैकी एकाही भाषेत तिने तोपर्यंत स्वतःचे असे काही बोललेले नाही.

डनेरिस एका ड्रॅगनच्या बदल्यात आठ हजार सैनिक घेते आणि सौदा पुरा होताच त्यांना मालकांवरच सोडते. मग ती सांगते की तुम्ही मुक्त आहात, ज्याला जायचे असेल त्याने जावे. एकही जात नाही. हा प्रसंग मोठा रोमहर्षक चित्रित केलेला आहे, पण मला तो नेहमी अडचणीत टाकतो. आठ हजार माणसांतून एकालाही घरी जावेसे वाटू नये? जायचे कोठे हे त्यांना ठाऊक नाही म्हणून, की गोऱ्या तारणहार राणीच्या मागे उभी असलेली तपकिरी माणसांची शिस्तबद्ध रांग पडद्यावर सुंदर दिसते म्हणून? त्याच पर्वाच्या शेवटच्या दृश्यात युंकाई शहरातले मुक्त गुलाम तिला ‘आई’ म्हणत डोक्यावर उचलून घेतात. कॅमेरा वर वर जातो आणि काळ्या-सावळ्या हातांच्या समुद्रात एक पांढरा ठिपका उरतो. या दृश्यावर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्तच होती. मुक्ती कोणी दिली एवढेच ज्या कथेत महत्त्वाचे ठरते तिथे मुक्त झालेल्याचे पुढे काय झाले हे विचारायला जागा राहत नाही. ग्रे वर्म आणि मिसांदेई यांची प्रेमकथा मला मोलाची वाटते ती नेमकी यासाठी की तिने ही जागा अडवून धरली.

प्रेमाच्या आधी नावाचा प्रश्न येतो. अनसलिड मुलांना खच्ची करताच नवी नावे दिली जातात. करडा किडा, लाल पिसू, काळा उंदीर. आपण क्षुद्र कीटक आहोत याची आठवण त्यांना हाक मारताक्षणी व्हावी हा त्यामागचा हेतू. मिसांदेई हे राणीला समजावून सांगते तेव्हा पडद्यावरच्या राणीला धक्का बसतो. आपल्याला बसत नाही. शूद्राचे नाव तिरस्कार सुचवणारे असावे अशी व्यवस्था मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात करून ठेवलेलीच आहे. आपल्या वस्त्यांत कचरू, धोंडू, दगडू किती झाले याची मोजदाद कोणी केलेली नाही.

डनेरिस म्हणते, गुलामीची नावे टाकून द्या, आईबापांनी ठेवलेली किंवा तुम्हाला आवडतील ती नावे घ्या. सैनिकांनी आपला नायक म्हणून निवडलेला तो तरुण नकार देतो. त्याचे म्हणणे असे की, माझे जन्मनाव अशुभ होते, त्या नावाने वावरत असताना मला गुलाम केले गेले. ‘ग्रे वर्म’ या नावाने वावरत असताना मी मुक्त झालो. म्हणून हेच नाव मी ठेवणार. हा भाग मी प्रथम पाहिला तेव्हा अस्वस्थ झालो. नामांतराच्या एका मागणीसाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत ज्या समाजाने काय काय सोसले त्या समाजातला मी. किड्याचे नाव हौसेने मिरवणारा हा मनुष्य मला पटेना. पण आपणच ‘दलित’ हा शब्द दयेच्या आणि हिणवणुकीच्या तोंडून काढून घेतला आणि १९७२ साली पँथरच्या पुढे लावून त्याचा दरारा निर्माण केला, हेही खरे. त्या शब्दावरून आपल्यात आजही मतभेद आहेत. म्हणून मला असे वाटते की ग्रे वर्मचा निर्णय बरोबर की चूक हे ठरवण्यात फारसा अर्थ नाही. तो त्याच्या आयुष्यातला पहिला निर्णय आहे, आणि राणीने सुचवलेल्या गोष्टीला दिलेला नकार आहे, हे अधिक महत्त्वाचे. मूळ कादंबरीतही त्याचे नाव आहे आणि नाव न बदलण्यामागे असेच कारण आहे. मात्र कादंबरीतली मिसांदेई दहाएक वर्षांची पोर आहे. तिथे या प्रेमाचा मागमूस नाही. म्हणजे ही प्रेमकथा सर्वस्वी मालिकेच्या लेखकांची. त्यांच्यावर पुढे टीका करायचीच आहे, म्हणून हे श्रेय आधी देऊन ठेवतो.

चौथ्या पर्वातला चौथा भाग या दोघांच्या शिकवणीने उघडतो. मिसांदेई त्याला सामान्य भाषा, म्हणजे समुद्रापलीकडच्या राजांची भाषा, शिकवते आहे. सरावासाठी वाक्ये तीच, कोणत्याही भाषेच्या पहिल्या पाठातली. माझे नाव अमुक. मी अमुक ठिकाणचा. पण हे दोघे ती वाक्ये बोलू लागले की व्याकरणाचा पाठ बाजूला राहतो. ‘मी अमुक ठिकाणचा’ हे वाक्य गुलामाला जमणार कसे? तिला नाथ नावाचे बेट आठवते, पाच वर्षांची असताना मालकांनी तिला तिथून नेले तेही आठवते. तो मात्र सांगतो की अनसलिड होण्यापूर्वी काहीच नव्हते. ती म्हणते, असे नसते. कदाचित एक दिवस तू आपल्या उन्हाळी बेटांवर परतशील. त्याला परतायचे नाही. मोडक्यातोडक्या नव्या भाषेत तो एवढेच सांगतो की त्याला मालकांना मारायचे आहे.

मालिकेसाठी डेव्हिड जे. पीटरसन या भाषातज्ज्ञाने व्हॅलिरियनसारख्या भाषा व्याकरणासह तयार केल्या, आणि या दोघांची आपसातली कित्येक संभाषणे त्या भाषेत आहेत. पण प्रेम फुलते ते तिसऱ्या भाषेत, जी दोघांपैकी कोणाचीही नाही. मालकाची भाषा तोंडात मुरलेली, जन्मभाषा हिरावलेली. म्हणून एकमेकांशी बोलण्यासाठी त्यांना शिकावे लागते. आपल्याकडच्या प्रेमकथांत बाग लागते, चंद्र लागतो. येथे पाटी-पेन्सिल लागली. फळा आणि खडू यांच्यावर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे दृश्य आवडले नसते तरच नवल. पण हा पाठ पुरा होत नाही. राणी दारात येते, वेळ झाली म्हणते, आणि ग्रे वर्म उठून शहराखालच्या गटारातून गुलामांना शस्त्रे पोहोचवायला निघून जातो. या प्रेमकथेतला जवळजवळ प्रत्येक प्रसंग असाच राणीच्या कामाने मध्येच तुटलेला आहे, हे पुढे लक्षात ठेवावे.

त्याच पर्वाच्या आठव्या भागात तो तिला नदीवर स्नान करताना पाहतो आणि पुढे क्षमा मागायला येतो. याच भेटीवर माझ्या विद्यार्थ्यांशी माझा सर्वांत मोठा वाद झाला. मिसांदेई म्हणते, त्यांनी तुला छेदले याचे मला वाईट वाटते. तो तिची कणव स्वीकारत नाही. तो सांगतो की मालकांनी छेदले नसते तर मी अनसलिड झालो नसतो, राणीने मालकांना मारण्याची आज्ञा दिली त्या दिवशी त्या चौकात नसतो, सैनिकांचा नायक म्हणून निवडला गेलो नसतो, नाथ बेटाच्या मिसांदेईला कधी भेटलो नसतो. एक हुशार विद्यार्थिनी ताडकन उठली. तिचे म्हणणे असे की ही गुलामीचे आभार मानण्याची भाषा आहे. आमच्या शोषणामुळेच आम्ही घडलो असे शोषकाला याहून सोयीचे दुसरे काय ऐकवायचे?

तिचा आक्षेप मी हलका मानत नाही. खुर्चीत रेलून पाहणाऱ्या सुखवस्तू प्रेक्षकाला हे ऐकून हायसे वाटण्याचा धोका खराच आहे. पण त्याच्या बोलण्याचा क्रम नीट पाहावा. सुरी आणि मिसांदेई यांच्या मध्ये काय आहे? मालकांचा वध आहे. सोबत्यांनी केलेली निवड आहे. तो सुरीचे आभार मानत नाही. आपल्या आयुष्याचा हिशेब तो स्वतः मांडतो आहे, आणि त्यातली कोणतीही रक्कम दुसऱ्याने खोडावी हे त्याला मंजूर नाही. ‘तुझे फार वाईट झाले’ असे म्हणणाऱ्याला, मग तो कितीही प्रेमाने म्हणत असो, तो सांगतो की माझे जे झाले त्यातून मी काय केले तेही पाहा. सहानुभूतीने लिहिलेल्या साहित्याबद्दल आपली जुनी तक्रार हीच नाही का? त्यात आपण सोसणारे म्हणून येतो आणि तिथेच संपतो. मिसांदेईचा मोठेपणा असा की तिला हे लगेच समजते. ती वाद घालत नाही, सांत्वनही करत नाही. जाता जाता, तू मला पाहिलेस याचा मला आनंद आहे, अशा अर्थाचे काही म्हणते. तोही तसेच म्हणतो. ज्यांचे देह आयुष्यभर मालकांनी बाजारात दातांसकट तपासले अशी ही दोन माणसे. कोणीतरी पाहिले याचा आनंद वाटण्याचा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला आहे.

पाचव्या पर्वातला एक छोटा प्रसंग या कथेच्या कडेला आहे, पण तो सोडवत नाही. व्हाइट रॅट नावाचा एक अनसलिड सैनिक मिरीन शहरातल्या वेश्यागृहात जातो. तिथली बाई त्याला कुशीत घेऊन अंगाई गाते, बस्स. त्यासाठीच त्याने पैसे मोजलेले आहेत. तेवढ्यात एक मारेकरी येऊन त्याचा गळा चिरतो. मालक गेले तरी त्यांचे मुखवटे घालून हिंडणारे मारेकरी शहरात शिल्लक आहेत. लवकरच ग्रे वर्मही अशाच हल्ल्यात जबर जखमी होतो. शुद्धीवर आल्यावर तो मिसांदेईला सांगतो की मृत्यूची नव्हे, तिला पुन्हा पाहता येणार नाही याची भीती वाटली. ती त्याला चुंबन देते. पुढे २०१७ साली, सातव्या पर्वात, युद्धावर जाण्याच्या आदल्या रात्री याच भीतीचा धागा तो पुन्हा हाती घेतो. लहानपणी प्रत्येक मुलाची भीती हुडकून काढून तिच्यापुढेच त्याला उभे करीत आणि ती मोडून काढीत. अशा रीतीने मी निर्भय झालो. मिसांदेई भेटली आणि आता मला भीती आहे. तो तिला आपली दुबळी बाजू म्हणतो. हे प्रेमाचे निवेदन आहे हे समजायला तिला क्षणभर लागतो.

शौर्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. जयस्तंभ, पलटणी, तलवारी. मालकाने तयार केलेला निर्भयपणा हा मालकाचाच माल असतो, हे मात्र मला कोणत्या वीरकथेत आढळले नव्हते. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही ठेवलेलेच नाही तो निर्भय असणारच. ग्रे वर्मला भीती परत मिळते तेव्हा तो प्रथमच काहीतरी स्वतःचे बाळगणारा माणूस होतो.

त्यानंतर ते एकमेकांचे कपडे उतरवतात. ही मालिका नग्नतेच्या बाबतीत अत्यंत उधळी आहे, आणि ती उधळण बहुतेक वेळा बाईच्या अंगावर होते. अनसलिडांच्या खच्ची होण्यावर इतर पात्रांनी केलेले विनोदही आपण अनेक भाग ऐकलेले असतात. म्हणून या दृश्यातली त्याची थबकलेली हालचाल मनाला लागते. तो तिचा हात धरून थांबवतो. आपली जखम तिला दिसू नये असे त्याला वाटते. ती पाहायचे आहे असे सांगते. पुरुषपणाची जी व्याख्या त्या सगळ्या राजेलोकांनी सत्तर भाग गिरवली ती येथे दोन गुलामांनी गुपचूप बाजूला सारली. आपल्या चळवळीतल्या मर्दपणाच्या भाषेबद्दलही या निमित्ताने बोलता येईल, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राजकारणाचा एक प्रसंग मात्र येथे घेतलाच पाहिजे, कारण मला तोही प्रेमाचाच प्रसंग वाटतो. २०१६ साली, सहाव्या पर्वात, राणी बेपत्ता असताना तिचा सल्लागार टिरियन लॅनिस्टर गुलामांच्या मालकांशी तडजोड करतो. गुलामी एकदम नको, सात वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा. टिरियन विद्वान आहे, विनोदी आहे, मनाने वाईट नाही. असे सल्लागार आपण सर्वांनी पाहिले आहेत. मिसांदेई आणि ग्रे वर्म यांना हे मुळीच मान्य नाही. तरीही मुक्त गुलामांचे प्रतिनिधी जाब विचारायला येतात तेव्हा दोघे टिरियनला उघडे पाडत नाहीत. त्याच्या बाजूने जपून चार शब्द बोलतात. एकांतात मात्र त्याला सुनावतात. आपणही गुलाम होतो असे टिरियन म्हणतो, कारण तो काही दिवस विकला गेला होता. किती दिवस, असा प्रश्न त्याला केला जातो. तेवढे दिवस समजायला पुरेसे नाहीत, हे मिसांदेईचे उत्तर. सात वर्षांचा करार करून गेलेले मालक थोड्याच दिवसांत जहाजांचा काफिला घेऊन शहरावर चालून येतात, तेव्हा टिरियनची हुशारी उघडी पडते. त्या साऱ्या बैठकीत हे दोघे एकमेकांशी एक शब्दही न बोलता एका बाजूला उभे आहेत. कार्यकर्त्यांच्या संसारात असे पुष्कळ असते. त्याला कोणी प्रेमकथा म्हणत नाही.

आता तक्रारीकडे वळतो. २०१९ साली, आठव्या पर्वात, राणीचे सैन्य उत्तरेत विंटरफेलला पोहोचते. लोक या दोघांकडे संशयाने बघतात. मिसांदेई दोन लहान मुलांना हसून अभिवादन करते तर ती निघून जातात. हा रंगभेद मालिकेला दिसला होता, हे यावरून उघड आहे. त्या गढीत ग्रे वर्म तिला विचारतो की युद्ध संपल्यावर, राणी सिंहासनावर बसल्यावर, आपल्याला इथे काय? तुला कोठे जायचे आहे? ती म्हणते, नाथचे समुद्रकिनारे पुन्हा पाहायचे आहेत. मग आपण तिथे जाऊ. नाथचे लोक शांतताप्रिय आहेत, त्यांना स्वतःचे रक्षण करता येत नाही, असे ती म्हणते. माझे लोक तसे नाहीत, ते करतील, असे तो म्हणतो. अस्टापोरच्या चौकात आठ हजारांपैकी एकालाही जे सुचले नव्हते ते सहा वर्षांनी या दोघांना सुचले. राणीशिवायचे भविष्य! या दोघांनी ते उच्चारले आणि दोनच भागांनंतर लेखकांनी मिसांदेईला मारले.

कशी मारले तेही पाहावे. समुद्रावरच्या हल्ल्यात ती पकडली जाते. जिला पडद्यावर मुक्त होताना आपण पाहिले तिला पुन्हा साखळीत तटबंदीवर उभी करतात आणि सर्सी राणीच्या हुकमावरून तिचे डोके उडवतात. खाली मैदानात उभा असलेला ग्रे वर्म तोंड फिरवतो. मालिकेतल्या ठळक पात्रांत ती जवळजवळ एकटी काळी स्त्री होती. तिच्या मरणाच्या या पद्धतीवर कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी संताप व्यक्त केला. कोणी म्हणेल, या मालिकेत सगळेच मरतात. मरतात, पण आपल्या कथेत मरतात. नेड स्टार्क आपल्या सचोटीपायी मरतो, टायविन लॅनिस्टर आपल्या पापापायी. मिसांदेई मरते ती डनेरिसला वेड लागावे म्हणून. तिचा अखेरचा शब्दही राणीचाच आहे, ड्रॅगनला आग ओकण्याची आज्ञा देणारा. एकोणीस भाषा जाणणाऱ्या बाईच्या तोंडी शेवटी नाथच्या भाषेतला एक शब्द लेखकांना घालता आला नाही. ग्रे वर्मचे नाव घालता आले नाही. मला वाटते, निर्मात्यांनी ही प्रेमकथा कळत-नकळत फार चांगली लिहिली आणि मग ती कोणाची आहे हे ते विसरले. राणीच्या क्रोधाला सरपण हवे होते, ते जवळ पडले होते.

पुढच्या भागात डनेरिस मिसांदेईची एकुलती एक वस्तू ग्रे वर्मच्या हाती देते. गळ्यात घालायची गुलामीची पट्टी. समुद्र ओलांडताना तिने तेवढेच बरोबर आणले होते. ती पट्टी तो आगीत टाकतो. हे दृश्य काही सेकंदांचे आहे आणि अँडरसनने ते एकही शब्द न बोलता केले आहे. तिने ती पट्टी इतकी वर्षे का जपली असेल? ग्रे वर्मने नाव ठेवले, तिने पट्टी ठेवली. याविषयी दोघांचे कधी बोलणे झाले असेल का? मालिका सांगत नाही. त्यानंतर शरण आलेल्या सैनिकांवर भाला फेकणारा जो ग्रे वर्म दिसतो त्याचे समर्थन मी करणार नाही. पण चाहते त्याला एकाएकी क्रूर झाला म्हणतात तेव्हा, त्याला जी भीती आधी परत मिळाली होती ती आता कोणी काढून घेतली, हेही विचारावे लागते.

शेवटच्या भागात उरलेले सरदार नवा राजा निवडायला बसतात. तिथे डेव्हॉस हा भला माणूस ग्रे वर्मला सुपीक प्रदेशात जमीन देऊ करतो. घराणे स्थापन कर, तुझे लोक तिथे वसव. ज्याला मूल होऊ शकत नाही त्याला घराणे देऊ करण्यातला विपर्यास त्या भल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. ग्रे वर्म नाकारतो. मग तो आपल्या लोकांसह जहाजात बसून नाथकडे निघतो. कादंबरीमालेला पूरक म्हणून २०१४ साली निघालेल्या ग्रंथात नाथच्या फुलपाखरांमुळे परक्यांना जीवघेणा रोग होतो असे लिहिले आहे, त्यावरून चाहते म्हणतात की ही सारी पलटण मरायलाच निघाली. मालिकेत त्या रोगाचा उल्लेख नाही, तेव्हा मी ते मनावर घेत नाही. माझे लक्ष त्या सभेवरून हलत नाही. सरदारांचे अर्धवर्तुळ बसलेले आहे, हा एकटा उभा आहे, आणि जमीन नाकारताना तो ज्या भाषेत बोलतो आहे ती त्याला मिसांदेईने ‘माझे नाव अमुक, मी अमुक ठिकाणचा’ या वाक्यांपासून शिकवलेली आहे.